तांबड्या मातीची मूठ

फार पूर्वी एका डोंगरउतारावर तांबडी माती राहत होती. एकेकाळी तिच्या अंगावर दाट रान होतं. ते रान तुटलं आणि पावसाने तिचं बरंच काही धुऊन नेलं. तेव्हापासून हाती लागेल ते ती घट्ट धरून ठेवी.

तानूबाईंनी त्या उतारावर तेलासाठी कारळा पेरला आणि वरून स्फुरदाचं खत टाकलं. मातीने ते सगळं मुठीत आवळलं. कारळ्याचं रोप वीतभर वाढून थांबलं. त्याची पानं जांभळट पडली.

"आई, मला थोडं स्फुरद दे ना," रोप म्हणालं. "त्याच्याशिवाय मला फुलं कशी येतील?"

"मग माझ्याकडे काय उरेल?" माती म्हणाली. "रानाला मी कधी नाही म्हटलं नाही, बाळा. त्याची पानं गळायची, कुजायची आणि सगळं माझ्याकडे परत यायचं. आता कोण आणून देतं?"

रोपाने मान खाली घातली.

रोपं खुरटलेली पाहून तानूबाईंनी कुजलेल्या पाल्याचं खत त्यांच्या बुडाशी घातलं. कितीतरी वर्षांनी मातीला रानाचा वास आला. तिचा ऊर भरून आला आणि मूठ आपोआप सैल झाली.

बघता बघता उतार पिवळाधमक फुलला.

कापणीच्या दिवशी मातीने हळूच विचारलं, "पुन्हा येशील ना रे?"

"मी नाही, आई. माझं बी येईल," रोप म्हणालं. "फक्त त्याला मागायला लावू नकोस."