धुरपी नसलेला गट

कुठल्याशा आडगावी, कौलारू शाळेत एक गुरुजी होते. पोरं चाळीस आणि गुरुजी एकटे, त्यामुळे त्यांचा निम्मा दिवस ओरडण्यातच जाई. शेवटी घसा बसला तेव्हा कुठे त्यांना युक्ती सुचली.

त्यांनी चार-चार पोरांचे गट पाडले आणि सांगितलं, "आता एकमेकांना शिकवा. परीक्षेत मी प्रत्येक गटातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाच उभं करणार. ज्याचा पाढा भरभर आणि बिनचूक, त्याचा गट वर्षभर शाळेची घंटा वाजवणार."

घंटेसाठी पोरं काहीही करायला तयार होती. पाणवठ्यावर, बांधावर, जिथे तिथे पाढे सुरू झाले. गुरुजींचा घसा बरा झाला आणि ते स्वतःवर भलतेच खूश झाले.

हुशार वेणूच्या गटात धुरपी होती. धुरपीला सगळं यायचं, पण सावकाश. तिचा बाप तिला शाळेतून काढायला निघाला होता. गुरुजींनीच त्याची मनधरणी करून शब्द घेतला होता, की परीक्षेत चार माणसांदेखत पाढा म्हणाली तर धुरपी शाळेत राहील, नाहीतर शेळ्यांमागे जाईल.

परीक्षेला गावातली मोठी माणसं येऊन बसली. वेणूच्या गटात तिघंच उभी राहिली.

"धुरपी कुठाय?" गुरुजींनी विचारलं.

"तिला ताप आलाय, गुरुजी," वेणू पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली. बाकीची दोघंही आपापल्या अंगठ्याकडेच बघत होती.

गुरुजी काय ते समजले. धुरपीचं घर हाकेच्या अंतरावर होतं, बोलावणं धाडता आलं असतं. पण पाटील जांभया देत होते, आणि गटांची युक्ती सगळ्यांना फार आवडली होती. "बरं, तुमच्यातलं कोण म्हणतंय?" ते म्हणाले. वेणूचा गट जिंकला, घंटा घणघणली आणि पाटलांनी गुरुजींची पाठ थोपटली.

त्यानंतर धुरपी शाळेत आलीच नाही. चौथ्या दिवशी गुरुजी माळावर गेले. ती शेळ्या राखत होती.

"ताप उतरला का गं?"

"ताप नव्हता, गुरुजी. वेणू म्हनली, तू आलीस तर आपण हरू. मग मी न्हाई आले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. गटाचं काम केल्याचा थोडा अभिमानच होता.

"तेराचा पाढा येतो?"

ती थांबत थांबत म्हणू लागली. तेवढ्या वेळात शेळ्या पार ओढ्यापर्यंत गेल्या. पण एकही चूक झाली नाही. गुरुजींना तिच्याकडे बघवेना.

ते तसेच तिच्या बापाकडे गेले आणि त्यांनी हात जोडले. बाप काही वाईट माणूस नव्हता. त्याने गुरुजींना बसायला घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "परीक्षेपातुर ठेवा म्हनलात, ठिवली. आता ती नसताना गट जिंकला म्हनं. समद्या गावानं टाळ्या वाजवल्या, तुमीबी वाजवल्या. मग तिचं तितं काय काम हाय, सांगा."

 

"मी परत परीक्षा घेतो," गुरुजी कसंबसं म्हणाले. "फक्त धुरपीची. सगळ्यांना बोलावतो."

बापाने नकारार्थी मान हलवली. शेळ्या घेऊन परतलेली धुरपी दारात उभी राहून ऐकत होती. तीच गुरुजींना समजावू लागली.

"नको, गुरुजी. मग माझ्या गटाची घंटा जाईल."

गुरुजी उठले आणि वहाणा हातात घेऊन चालू लागले. वहाणा पायात घालायच्या असतात हेही त्यांना सुचलं नाही. धुरपी पुन्हा कधीच शाळेत आली नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: सोबत्याला घरी बसवून जिंकता येत असेल, तर चूक जिंकणाऱ्या मुलांची थोडी, आणि तसा नियम करून वर डोळेझाक करणाऱ्या मोठ्या माणसाची फार.