गप्प नियंत्रक

एकदा एका नदीच्या पुराचा अंदाज वर्तवणारी संगणकांची रांग ऐन पुरातच अडली. यंत्रे धरणाजवळ, रस्ता पाण्याखाली, आणि त्यांची देखभाल करणारी तरुणी दूर शहरात. परदेशी शिकून ती याच कामासाठी परतली होती.

अशा प्रत्येक संगणकात एक छोटा नियंत्रक असतो. संगणक गोठला तरी तो जागा राहतो आणि दुरून आलेला हुकूम ऐकून त्याला पुन्हा चालू करतो. त्या दुपारी मुख्य संगणक गोठला आणि नियंत्रक मात्र सगळेच गप्प. अंदाज निघेना. खालच्या वस्तीला घरे कधी सोडायची, हे सांगता येईना.

नियंत्रकांना अखंड 'जिवंत आहेस का?' असे विचारणारा प्रोग्रॅम तिनेच मोठ्या तळमळीने लिहिला होता. पाणी चढू लागल्यावर सकाळीच तिने त्याचा वेग वाढवला होता.

"अण्णा, अजून वाढवते," ती आपल्या वृद्ध गुरूंना म्हणाली.

अण्णांनी तो प्रोग्रॅमच बंद केला आणि ते हाताची घडी घालून बसले.

"अहो, तिकडे माणसं बुडतील! बसताय काय?"

"तूही बस. कुणी काही विचारायचं नाही."

ती धुमसत बसली. बऱ्याच वेळाने एका नियंत्रकाने उत्तर दिले. मग दुसऱ्याने. तिने हुकूम सोडला आणि मुख्य संगणक चालू झाला. अंदाज आला, पण उशिरा.

"पोरी, त्या नियंत्रकाचा जीव केवढा!" ती वस्तीत फोन लावत असताना अण्णा म्हणाले. "एका वेळी मोजक्यांशीच बोलू शकतो तो. तुझा प्रत्येक प्रश्न एक जागा अडवून बसला, उत्तर मिळालं तरी उठेना. खऱ्या हुकमाला आत शिरायला वाटच उरली नाही. जागा आपोआप मोकळ्या होतात, पण आपण थांबलो तर. तुझी कळकळ खरी होती. तिनेच त्यांचा श्वास कोंडला."

"म्हणजे उशीर माझ्यामुळे झाला?"

"हो."

तेवढ्यात वस्तीच्या सरपंचबाईंना फोन लागला. "ताई, पाणी वस्तीत शिरणार. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना टेकडीवर न्या!"

"दारात आलंय की! दोर बांधतोय," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

"निघाले का, विचारूया," म्हणून एका सहकाऱ्याने पुन्हा फोन उचलला. तिने त्याचा हात धरला. "नको. त्यांना हात मोकळे हवेत."

संध्याकाळी फोन आला. वस्ती टेकडीवर पोचली होती. दोन म्हातारी माणसे मात्र पाण्यात वाहून गेली होती. सरपंचबाई हुंदके देत, मध्येच थांबत सांगत होत्या. तिने एकही प्रश्न विचारला नाही. ती ऐकत राहिली.