लिंबाजीचं ताट

“मग सांगू का तिला, बाबा? का नको सांगू?”

दगडूशाबाबा भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गावाबाहेर चिंचेखाली या फकिराचा तकिया. एक चूल, एक घोंगडी, पाण्याचा माठ, झाला संसार. प्रल्हादराव परांडेकर पोरवयापासून तिथं यायचे. आज आले ते पाय ओढत. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“आधी बस,” बाबा म्हणाले. “काय सांगायचं? कुणाला?”

प्रल्हादराव बसले. बसले कसले, टेकले.

आता, प्रल्हादरावांचा नाद साऱ्या तालुक्याला ठाऊक. भंगारवाल्याकडं, जुन्या बाजारात, बंद पडलेल्या स्टुडिओच्या कचऱ्यात कुणाकुणाचे फोटो पडलेले असतात, ते हे उचलून आणणार. त्या माणसाचं ना नाव ठाऊक, ना गाव. तरी त्याच्याकडं बघत बसणार, आणि त्याची अख्खी कहाणी रचून खाली लिहिणार. बाही आखूड आहे, म्हणजे कोट स्टुडिओतला. बाईचा हात खुर्चीवर आहे पण नवऱ्याला लागत नाही, म्हणजे नवीन लग्न. लोक तोंडात बोट घालायचे. “परांडेकर, तुमच्याशी फोटो बोलतात हो!” की झाली परांडेकरांची मान ताठ.

यंदा जत्रेत त्यांनी त्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. त्यात एक तरणा पोरगा होता, सायकलीला टेकलेला. खाली लिहिलं होतं, हा शंकर. घर सोडून बंदरावर गेला, बोटीवर खलाशी झाला, तापानं गेला. जाताना त्यानं आईला हाक मारली.

वाचणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

“आणि ती आली,” प्रल्हादराव म्हणाले. “तान्हुबाई. पार वाकलेली म्हातारी. शेजारणीनं तिला वाचून दाखवलं. फोटोवर हात फिरवून म्हणाली, हा माझा लिंबाजी.”

“होता का?”

“होता. भुवईवरचा व्रण दाखवला तिनं. ऐन विशीत घरातून गेला, तो आलाच नाही. मी म्हटलं, आजी, इथं तर शंकर लिहिलंय. तर म्हणते, पळून गेलेलं पोर खरं नाव कशाला सांगतंय?”

बाबांनी भाकरी उलटली.

“तिथंच सांगायचं होतंस.”

“तोंड उघडलं होतं, बाबा. तेवढ्यात तिनं विचारलं... हाक मोठ्यानं मारली, का हळू?”

“मग?”

प्रल्हादरावांनी फडक्याची गाठ चाचपली.

“मग काय म्हणालात, परांडेकर?”

“हळू, म्हणालो.”

तव्यावरची भाकरी फुगली. बाबांनी तिला बोटानं दाबलं.

“माणसं भोवती उभी होती, बाबा. सगळी माझ्याच तोंडाकडं बघत होती...”

“असतील.”

इतकी वर्षं तान्हुबाईनं कुणाचं ऐकलं नव्हतं. भावकी म्हणायची, बारा वर्षं कधीच उलटली, दर्भाचा पुतळा करून अग्नी दे, मोकळी हो. ती म्हणायची, जित्या पोराला जाळू? रोज संध्याकाळी लिंबाजीचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, आणि दाराला कडी न लावता पडायची. सकाळी ते अन्न गाईपुढं. पुन्हा संध्याकाळी ताट.

जत्रेतून ती घरी गेली आणि म्हणाली, बोलवा भटजीला.

“मलाही बोलावलं,” प्रल्हादराव म्हणाले. “नदीवर पुतळा जळाला. दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. बायका म्हणाल्या, बघा, पोरगा सुटायला टेकलाच होता. तेराव्याला मला पहिल्या पंगतीला बसवलं, पोराची खबर आणणारा म्हणून. तिनं स्वतः वाढलं.”

“जेवलास?”

“जेवलो.”

“काय होतं?”

“खीर होती.”

“चांगली झाली होती?”

“थट्टा करता, बाबा?”

“नाही रे. तिनं किती वर्षांनी गोड रांधलं असेल, म्हणून विचारलं.”

प्रल्हादरावांनी फडकं सोडलं. आत पितळी ताट. घासून घासून किनार झिजलेली.

“लिंबाजीचं आहे. दानात भांडं द्यायचं असतं, तर तिनं हे माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, आता कडी लावून झोपते. सकाळ झालेली कळत नाही म्हणाली... आणि माझ्या डोळ्याला डोळा नाही. घरातल्या फोटोंकडं बघवत नाही. आता माझ्याबद्दल काय सांगतोस, असं बघतात सगळे. बाबा, तो कुठं जिता असला तर? मी थकलो. उठतो, जातो आणि सांगून टाकतो, आजी, ते सगळं मी रचलं होतं.”

“कुणासाठी सांगतोस?”

“तिच्यासाठी.”

“ती झोपते ना?”

“झोपते.”

“झोप कुणाला नाही?”

“...मला.”

“हां.”

ऊन चिंचेवरून उतरलं. दूर कुणी गुरांना हाका घालत होतं.

“म्हणजे सांगू नको?”

“मी तसं कुठं म्हणालो?”

“मग करू काय? काहीतरी सांगा. तो आहे का गेला, तुम्हांला तरी ठाऊक आहे का?”

“मला काय ठाऊक?” बाबा म्हणाले. “तुलाही नव्हतं.”

प्रल्हादरावांची मान खाली गेली.

बाबांनी ताट ओढून घेतलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. भाकरी मोडून अर्धी त्यात ठेवली, वर चटणीचा गोळा, कडेला कांदा. आणि ताट प्रल्हादरावांपुढं सरकवलं.

प्रल्हादराव सकाळपासून उपाशी होते. त्यांनी भाकरीला हात घातला.

बाबांनी मनगट धरलं.

“तुझं नव्हे ते.”

प्रल्हादराव बघतच राहिले. बाबांनी उरलेली अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली, ताटावर तेच फडकं झाकलं, आणि चुलीतलं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी मारलं.

“ऊठ. दिवस मावळायच्या आत ने हे तुझ्या घरी... आणि प्रल्हाद, दाराला कडी लावू नकोस.”