महाराज तिसऱ्या गाडीत चढले

"उद्या सरकारी गाडीनंच यायचं आणि दरबार सुरू व्हायच्या आत हजर राहायचं. नाही जमलं तर तुझी नोकरी गेली!" धुंडिराज महाराज कडाडले.

झालं! बकुळाची नोकरीच टांगणीला लागली. ती दरबारात विडे लावायची. घरी म्हातारे सासू-सासरे, कमावती ती एकटी. आज यायला उशीर झाला तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं होतं, "गाडी आलीच नाही!" पण नगरात बैलगाड्या सुरू केल्या होत्या खुद्द महाराजांनी. मग काय, नाकाला मिरच्या झोंबल्या! आणि ती गाडी? अहो, तिची वाट बघण्यापेक्षा मोक्षाची बघावी, तो तरी कधीतरी मिळतो!

"येते, महाराज," बकुळा म्हणाली. "पण वेळेवर पोचले तर लोक म्हणतील, ही पायीच आली. साक्षीला कुणी मोठं माणूस द्या."

"कुणी कशाला? मीच येतो!"

सकाळी महाराज डोक्यावरून घोंगडी घेऊन बकुळाशेजारी थांब्यावर उभे राहिले. एक रिकामी गाडी आली आणि न थांबता निघाली.

"अरे, थांब!"

"बैलांना पाणी पाजायला चाललोय!" गाडीवान ओरडला.

मग कितीतरी वेळ काहीच नाही. ऊन चढलं. आणि एकदम तीन गाड्या आल्या, एकीमागे एक!

"तिन्ही एकदम कशा रे?" महाराजांनी विचारलं.

"आमचे बैल एकटे जायला घाबरतात," तिकीटवाला म्हणाला.

पहिल्या दोन गच्च भरलेल्या. तिसरीत दोघं कशीबशी चढली.

"पुढं सरका, पुढं सरका!"

"पुढं बैल आहे!" महाराज कळवळले.

"मग त्याला सांगा सरकायला! आणि तिकिटाचे पैसे काढा."

महाराजांनी सोन्याची मोहोर काढली.

"सुट्टे द्या."

"अरे, तिच्यावर माझं नाव आहे!"

"सगळे असंच म्हणतात. सुट्टे द्या, नाहीतर उतरा!"

शेवटी बकुळानंच दोघांचे पैसे भरले.

राजवाडा आला तेव्हा दुपार टळली होती. दरबारी मंडळी बसल्या जागी पेंगत होती. प्रधान त्र्यंबकपंत मात्र दारातच टपलेले.

"दुपार टळली! महाराज, हिची नोकरी गेली ना?"

"गेलीच म्हणायची," महाराज घाम पुसत म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द, बकुळा."

"का म्हणून, महाराज? दरबार सुरू व्हायच्या आत यायचं होतं ना? आपण गादीवर बसल्याशिवाय दरबार सुरू होतो का? आणि आपण तर माझ्याच गाडीत होतात! मला उशीर झालेला नाही. हे प्रधानजीच उगाच लवकर येऊन बसलेत!"

महाराज असे हसले, असे हसले की पेंगणारे दरबारी दचकून उठले.

"नोकरी पक्की! वर बक्षीस माग, काय हवं ते!"

"रोज माझ्याबरोबर गाडीनं या, महाराज. म्हणजे मला कधीच उशीर व्हायचा नाही."

"अगं बाई! हवं तर माझा घोडा घे, पण ते मागू नकोस!" महाराज घाईघाईनं म्हणाले, आणि जिनासकट आपला पांढरा घोडा तिथल्या तिथं बकुळाला देऊन मोकळे झाले.