धाकट्याने दिलेला श्वास

फार पूर्वी एका डोंगराच्या उतारावर एक योगशाळा होती. तिथे एकाच आसनात बसून राहायची पद्धत नव्हती. एका आसनातून दुसऱ्यात वाहत जायचे. श्वास घेताना अंग उघडायचे, सोडताना मिटायचे. श्वास पुढे, शरीर मागे.

त्यासाठी जोडीदार लागे. एक जण आसने करी. दुसरा शेजारी बसून घशातून लांब, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेई आणि सोडी. याला 'श्वास देणे' म्हणत. करणाऱ्याने नजर नाकाच्या शेंड्यावर ठेवायची आणि त्या आवाजामागे जायचे. मनाचे काही करायचे नाही.

तिथे दोन भाऊ शिकत. धाकटा ताकदीचा, पण त्याचे अंग श्वासाच्या आधीच उडी मारी. थोरला किडकिडीत, पण तो हलू लागला की येणारेजाणारे थांबून बघत.

"धाकट्या, तुझं म्हणजे माकडानं फांदी बदलल्यासारखं!" पोरे हसत. "थोरल्याकडं बघ जरा!"

बघतच तर होता तो. बघून बघून जळत होता. थोरल्याने आपल्या ताटातली भाकरी त्याला वाढली, तरी त्याला वाटे, हा मोठेपणाच दाखवतोय.

गुरुजी थकले होते. एके दिवशी म्हणाले, "उद्या परीक्षा. ज्याची आसनांची साखळी मध्ये तुटणार नाही, तो माझ्या जागी शिकवेल."

"दादा, तुला श्वास कोण देणार?" धाकट्याने विचारले.

"तूच की! दुसऱ्याच्या भरवशावर उलटं व्हायला मला वेड लागलंय?"

सकाळी थोरला पाण्यासारखा वाहिला. शेवटी तो हातांवर उलटा उभा राहिला. आता एका लांब उच्छ्वासावर पाय सावकाश खाली आणायचे होते. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. धाकट्याला ते सहन झाले नाही. त्याने उच्छ्वास मध्येच तोडला आणि खस्सकन श्वास आत ओढला.

थोरल्याने भावाचे ऐकले. मिटत चाललेले अंग त्याने एकदम उघडले. तोल गेला आणि तो मानेवर पडला.

"दादा!"

"माझंच चुकलं रे," थोरला कुजबुजला. "तुझा श्वास मला पकडता आला नाही."

दिवस मावळायच्या आत तो गेला.

सुतक फिटल्यावर गुरुजींनी धाकट्याला बोलावले. "तुझी परीक्षा राहिलीय. श्वास कोण देईल?"

धाकट्याने एकेकाकडे पाहिले. एकेकाने मान खाली घातली. तो तुटका श्वास सगळ्यांनीच ऐकला होता.

"मग मी देतो," म्हणून गुरुजी शेजारी बसले. त्यांचा श्वास लांब होता, खरा होता. पण धाकट्याचे हात वर जाईनात. श्वास देणारा काय करू शकतो, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

तात्पर्य: भावाचा हेवा वाटला तर त्याच्याशी भांडा, हवे तर अबोला धरा. पण तो तुमच्या भरवशावर उभा असताना तो भरवसा काढून घेऊ नका. भाऊ गेल्यावर पहिला नंबर घेऊन करायचे काय?