मागच्या भिंतीतले कोनाडे

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या नगरात नाट्यगृह बांधायला काढले. काम एका वृद्ध स्थपतीकडे आले. त्याने आराखडा करून दिला, बांधकाम आपल्या शिष्यावर सोपवले आणि तो तीर्थयात्रेला गेला.

शिष्य गुणी होता, आणि हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. प्रेक्षकांच्या पाठीमागच्या, रंगमंचासमोरच्या भिंतीत गुरूने हातभर खोल असे साठ कोनाडे दाखवले होते. शिष्याला वाटले, हे दिव्यांसाठी असणार. छताला झुंबरे आल्यावर यांचे काय काम? त्याने ते सगळे बुजवले आणि भिंतीला चुन्याचा असा घोटीव गिलावा केला की त्यात तोंड दिसावे. व्यापारी बेहद्द खूश झाला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नाटकमंडळीतल्या ज्येष्ठ गायिकेने चार ओळी गाऊन पाहिल्या आणि ती मध्येच थांबली. गेलेला स्वर परत येऊन पुढच्या स्वरावर आदळत होता. तिने शिष्याला तसे सांगायला सुरुवात केली, पण त्याने तिचे वाक्यही पुरे होऊ दिले नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे तो सर्वांदेखत म्हणाला. बाई मंचावरून खाली उतरल्या.

मग व्यापाऱ्याने स्वतः शेवटच्या रांगेत बसून ऐकले. त्याला नुसता गलका ऐकू आला. संध्याकाळी या रांगेला शब्द कळले नाहीत, तर उद्यापासून इथे कापसाच्या गासड्या राहतील, असे त्याने अगदी शांतपणे सांगितले. शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने पडदे बदलले, मंचावर जाजमे अंथरली; गलका होता तसाच राहिला.

दुपारी गुरू परतला; दारातच मंडळींनी त्याला सकाळचा प्रकार सांगितला. त्याने मंचावर उभे राहून एक टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत ऐकली. मग पहार मागवून त्याने चकाकत्या भिंतीवर पहिला घाव घातला.

शिष्याने त्याचा हात धरला. “गुरुजी, आठ महिने घोटली आहे ही भिंत. लोक यायला आता दोन प्रहर उरलेत.”

“म्हणूनच दुसरी पहार तू घे,” गुरू म्हणाला.

व्यापारी दारात उभा राहून संतापाने पाहत होता. एकेक कोनाडा उघडा होत गेला. साठावा फुटला तेव्हा उन्हे कलली होती. गुरूने हात जोडून बाईंना गाण्याची विनंती केली. त्या गायल्या. शेवटच्या रांगेतल्या व्यापाऱ्याला शब्द न् शब्द कळला.

शिष्याने विचारले, या कोनाड्यांत ठेवायचे काय?

“काहीही नाही,” गुरू म्हणाला. “आलेला स्वर मुरायला रिकामी जागा लागते. तू भिंत इतकी गुळगुळीत केलीस की तिने काहीच ऐकून घेतले नाही, सगळे उलट फेकले. ती चूक एका प्रहरात दुरुस्त झाली. पण सकाळी बाई तुला हेच सांगत होत्या, तेव्हा तू काय केलेस?”

शिष्य चुन्याने माखलेल्या हातांनी बाईंसमोर जाऊन बसला. “सकाळी तुमचे बोलणे मी तोडले,” तो म्हणाला. “ते पुरे करा.”

बाई बराच वेळ बोलल्या. त्याने मध्ये एकही शब्द घातला नाही.