खडे निवडणारं गाव

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला एकाच गोष्टीचा अभिमान होता. इथल्या बायकांसारखं धान्य निवडणं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे.

जमायलाच हवं होतं. गावात पिकलेला सगळा तांदूळ राजाच्या कोठारात जमा व्हायचा आणि वर्षभर तिथूनच घरोघरी वाटा मिळायचा. कोठारात जाताना तांदूळ स्वच्छ असे. बाहेर येताना त्यात पांढरे खडे असत, वाळू असे, तूस असे. "कोठाराची हवाच तशी," असं कोठारी सांगायचा आणि गाव मान डोलवायचं. मग बायका दुपारभर सूप घेऊन बसायच्या. पाखडायच्या, चाळायच्या, डोळे बारीक करून खडे वेचायच्या. मुलगी बघायला पाहुणे आले की तिला कोणी गाणं म्हणायला लावत नसे, तिच्यापुढे खडेवाला तांदूळ ठेवत. आणि दर दिवाळीला कोठारी उत्तम निवडणारीला नारळ द्यायचा. तो मात्र बिनखड्याचा असे.

अशा गावात डोंगरापलीकडून एक सून आली. पहिल्याच दिवशी तिने वाट्याचा तांदूळ सुपात ओतला आणि ती बघतच राहिली.

"आत्याबाई, हे तांदळात खडे आहेत की खड्यांत तांदूळ?"

"असंच असतं गं," सासू म्हणाली. "होईल सवय."

सुनेला सवय झाली नाही. सासूने तरुणपणी कितीतरी नारळ जिंकले होते. त्या नारळांच्या पायी तिचे डोळे गेले होते. आता ती बोटांनी चाचपून निवडायची आणि एखादा खडा राहिला की चोरी केल्यासारखी ओशाळायची. ते पाहून सुनेच्या कपाळाची शीर उडायची. पण चिडायचं कुणावर? हवेवर?

पुढे गावजेवण आलं. कोठाऱ्याच्या पानातल्या भाताचा तांदूळ गावातल्या सर्वांत जुन्या निवडणारीने निवडायचा, अशी रीत होती. ती म्हणजे सुनेची सासू. म्हातारीने तो मोठ्या मानाने निवडला. कोठाऱ्याने पहिला घास घेतला, कर्रकन आवाज झाला आणि त्याचा पुढचा दात तुटून पानात पडला.

"कोणी निवडला हा तांदूळ?" कोठारी गरजला. दात गेल्यामुळे ते गरजणं थोडं शिट्टीसारखं निघालं, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

म्हातारी उभी राहिली.

"दिसत नाही तर सांगायचं होतंस! उद्या सकाळी चावडीपुढे बस. सगळ्यांदेखत निवडून दाखव. जमलं नाही तर तुझ्या घराचा वाटा बंद."

खडा आला कुठून, हे कुणीही विचारलं नाही. सगळे म्हातारीकडे बघत होते.

घरी येऊन म्हातारी रडायला लागली. "माझीच चूक गं. माझ्यापायी तुम्ही उपाशी राहणार."

"दात त्यांचा, खडा त्यांच्या कोठारातला, आणि चूक तुमची?" सून म्हणाली. "उद्या मी बसते."

सकाळी चावडीपुढे गाव जमलं. वाटा घराचा आहे तर घरातलं कुणीही बसेल, असं म्हणून सूनच पाटावर बसली. सुजलेल्या गालाचा कोठारी म्हणाला, "बस की. पण परीक्षा माझ्या मर्जीची." त्याने नोकराला फर्मावलं, "तांदूळ आण. तूस, वाळू, मीठ, लोखंडाचा कीस, सगळं आण. आणि खडे."

नोकर कोठाराच्या दारातून ओरडला, "खडे कुठल्या पोत्यातले, मालक? बारीक की जाड?"

"बारीक!" कोठारी खेकसला. नोकराने पोतंच पाटाशेजारी आणून टाकलं. कोठाऱ्याने सगळं स्वतःच्या हाताने एकत्र कालवलं. सून त्याच्या हाताकडे बघत होती. हात सराईत होता.

तिने सूप उचललं. पाखडताच तूस उडून गेलं. उरलेलं चाळणीत घातलं, तेव्हा वाळू, मीठ आणि कीस खाली पडले, तांदूळ आणि खडे वर राहिले. खडे तिने हाताने वेचले. लोहाराकडून लोहचुंबक मागवून खालच्या ढिगातून फिरवला, तर कीस मिशीसारखा त्याला चिकटला. वाळू आणि मीठ पाण्यात ढवळलं. मीठ विरघळलं, वाळू तळाशी बसली. वरचं पाणी फडक्याने गाळून तिने चुलीवर आटवलं आणि मीठसुद्धा परत काढलं.

लोकांनी टाळ्या पिटल्या. "काय हात आहे सूनबाईचा!" त्या टाळ्यांनी सुनेचं डोकं आणखीच तापलं.

कोठारीही खूश झाला. "शाब्बास! आजपासून तू कोठारातली मुख्य निवडणारी. तुझ्या घरी निवडलेला तांदूळ येईल. सासूला सूप धरावं लागणार नाही."

सुनेने सासूकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर म्हातारीचे हात आजच मोकळे झाले असते. इतर म्हाताऱ्या मात्र चाचपतच राहिल्या असत्या.

"आधी एक सांगा, कोठारीबुवा," ती म्हणाली. "हे सगळं मिसळलं कोणी?"

"मी! सगळ्यांसमोर तर मिसळलं. परीक्षेसाठी."

"आणि रोजचं?"

टाळ्या थांबल्या.

"रोजचं... ते आपोआप मिसळतं."

"मग आपोआप वेगळं का होत नाही? आणि हवेने येणारे खडे पोत्यांत भरून कोण ठेवतं? तेही बारीक वेगळे, जाड वेगळे! आम्हाला निवडायला लावता आणि स्वतः निवडून ठेवता? जेवढे खडे तांदळात आले, तेवढा आमचा तांदूळ कुठे गेला?"

एवढ्यात म्हातारी चाचपत पुढे आली. तिने पोत्यात हात घातला आणि मूठभर खडे बोटांवर घोळवले. तिच्या तोंडावरचा सगळा ओशाळेपणा गेला.

"हे तर माझेच खडे," ती म्हणाली. "जन्मभर हेच वेचलेत मी. ह्यांनीच खाल्ले माझे डोळे."

मग गावाला जो राग आला, तो एवढी वर्षं कुठे होता कोण जाणे. लोक कोठारात घुसले. आत खड्यांची आणखी पोती निघाली, आणि कोठाऱ्याच्या माजघरात स्वच्छ तांदळाची.

कोठारीपद गेलं, पण माणसाला गावाने घालवलं नाही. कोठाराच्या दारात सूप देऊन बसवलं. त्याने निवडल्याशिवाय तांदूळ बाहेर जात नसे, आणि त्याच्या पानात त्यानेच निवडलेल्या तांदळाचा भात पडे. राहिलेले दात सांभाळायचे असल्यामुळे तो फार लक्ष देऊन निवडायचा. दिवाळीला मात्र त्याला कोणी नारळ दिला नाही.

आणि म्हातारी त्या दुपारी सूप उशाशी घेऊन गाढ झोपली.

तात्पर्य: खडे निवडण्यात हुशार व्हावं, पण ते मिसळतो कोण हे विचारण्यापुरती हुशारी शिल्लक ठेवावी. नाहीतर मिसळणाराच आपल्याला बक्षीस देत राहतो.